उंच चाकांचा तोरा

मी एक जुनी जीप आहे. मला खटारा म्हणू नका. खटारा काय असतो ते मी फार जवळून पाहिलं आहे. त्याला फेटा होता, मिशा होत्या, आणि तो रोज माझ्याच सीटवर बसत असे.

मित्रांनो, मधल्या सुट्टीत तुम्ही माझ्या बॉनेटवर चढता, स्टिअरिंग फिरवता आणि तोंडाने घुर्र घुर्र करता. असला रडका आवाज मी उभ्या जन्मात काढलेला नाही. पण तुम्ही लहान आहात, तुम्हाला माफ. मोठ्यांनी जे केलं त्याला माफी नाही, आणि तेच मी आज सांगणार आहे.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. लढाईचे दिवस होते, नटवायला कुणाला वेळ नव्हता. दारं दिली नाहीत, छप्पर म्हणून एक ताडपत्री दिली. चाकं मात्र चार दिली आणि चारही एका मापाची दिली. हे माप लक्षात ठेवा. पुढची सगळी रड त्याचीच आहे.

ब्रह्मदेशच्या जंगलात मी दोन वर्षं चिखल तुडवला. तिथले शिपाई मला शिव्या द्यायचे, पण रोज संध्याकाळी माझी चाकं बोटांनी चाचपून बघायचे. लढाई संपली. सरकारने आम्हाला रांगेत उभं केलं आणि लिलाव पुकारला. तिथून मला हंबीरराव पाटलांनी आणलं. जोतिबाच्या डोंगरामागे एक वाडी आहे, तिथले ते पाटील. सत्तेचाळीस साल सरत आलं होतं.

पहिली पाच वर्षं बरी गेली, खोटं कशाला बोलू? मी आजऱ्याहून घनसाळ तांदळाची पोती आणली, आजारी माणसं कोल्हापूरच्या दवाखान्यात पोचवली, वाडीतल्या तीन नवऱ्या सासरी नेल्या. बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या सणाला, पाटलीणबाईंनी, म्हणजे धोंडुबाईंनी, बैलांबरोबर मलाही ओवाळलं. माझ्या आरशाला गोंडे बांधले आणि पुरणपोळी माझ्या तोंडापुढे धरली. आता मी पोळी कशी खाणार? पण बाईचा भाव खरा होता, म्हणून मी गप्प राहिले.

दर दोन महिन्यांनी मला कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत न्यायचे. तिथे चिंचेखाली बाबालाल मिस्त्रींचं वर्कशॉप होतं. बाबालाल कमी बोलायचे. ते गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून इंजिन ऐकायचे आणि दुखणं नेमकं सांगायचे. माझ्या सगळ्या आयुष्यात मी ज्याच्यापुढे मान खाली घातली असा हा एकच माणूस.

मग कृष्णात खोताने जीप घेतली. खोताचं घर पाटलांच्या वाड्यासमोर, आणि दोघांचं हाडवैर आजोबांपासूनचं. जीपही माझ्यासारखीच, त्याच लढाईतली. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला आम्ही दोघी डोंगराखाली शेजारी शेजारी उभ्या होतो. चांगभलंचा गजर चालला होता, गुलालाने आम्ही दोघीही लाल झालो होतो. इतक्यात एका पाव्हण्याने विचारलं, "पाटील, ह्यातली तुमची कंची म्हणायची?"

झालं! पाटलांच्या काळजात ते वाक्य काट्यासारखं घुसलं. आपली गाडी ओळखू येत नाही म्हणजे काय? अरे, ओळखू यायला गाडीने काय फेटा बांधायचा? पण शहाणपण आणि हंबीरराव यांची कधी गाठच पडली नव्हती. त्यांनी तिथेच ठरवलं, आपली गाडी खोताच्या गाडीपेक्षा हातभर उंच करायची.

दुसऱ्याच आठवड्यात ते मला घेऊन भंगार बाजारात गेले. टायरांची निवड कशी करावी, मित्रांनो? माप बघावं, रबर उकललंय का बघावं, चिखल सोडून देणारी खोल नक्षी आहे का बघावी, आणि चाक वळलं की कुठे घासणार तर नाही ना, हे बघावं. पाटलांनी काय बघितलं? बैलबाजारात बघतात ते! टायरावर थाप मारली, खांदा दाबला, लांब जाऊन उभं राहून "डौल हाय की!" म्हणाले. विकणाऱ्याने त्यांना पुरतं ओळखलं. लष्करी ट्रकची दोन चाकं त्यांच्या गळ्यात मारली. चार नव्हतीच त्याच्याकडे, दोनच होती.

ती घेऊन स्वारी बाबालालकडे आली. "मिस्त्री, ही मागं लावा. आन् पाट्यांत आनखी चार पाटं घालून पाठ उचला हिची." पाटे म्हणजे माझ्या अंगाखालच्या लोखंडी कमानी. त्यांच्यावर मी उभी असते.

बाबालालनी चाकं बघितली, मला बघितलं आणि हात पुसले. "पाटील, उंच करायची तर करूया की. पण चारी चाकं एका मापाची आना. पुढं ल्हान आन् मागं थोर असलं काम मी करनार न्हाय."

"का?"

"एका जुवाला एकीकडं खोंड आन् एकीकडं थोराड बैल जुपतासा का तुमी?"

पाटील मांडीवर थाप मारून हसले. "अरं बाबालाल, जुवाला बैल शेजारी शेजारी असत्यात! म्हागची दोन सारखी, म्होरची दोन सारखी. झाली की जोडी! आमी पिढ्यान्‌पिढ्या बैल राखल्यात. जोडी कशी जमवायची ते तू आमाला शिकवतुस व्हय?"

"बैलाचं तसं आसंल. पर हिच्या पोटात म्होरली आन् म्हागली एका दांड्यानं बांधल्यात, पाटील. चारींचा जोर सुरू केला की त्या चौघांचं मिळून एकच जू हुतंय. थोर चाक एक फेरा घेतंय तवर ल्हान सव्वा घेनार. आत ओढाताण हुनार. कडक वाटंवर तर काय तरी मोडनारच."

किती सोपं सांगितलं होतं! बॉनेटवरच्या कावळ्यालाही कळलं असतं. पाटील म्हणाले, "तू लावू नगंस. लावनारं लई हायती." वाडीच्या लोहाराने चाकांना नवी भोकं पाडली, घणाने ठोकून ती बसवली, पाटे वाढवले. माझी पाठ आभाळाकडे आणि तोंड जमिनीकडे झालं. बैलगाडीचे लोक थांबून बघायचे. आणि आता खरं सांगते, मित्रांनो, मलाही बरं वाटलं. खोताच्या जीपकडे मी वरून पाहिलं आणि मनात म्हटलं, बघ बये! मूर्खपणा एकट्या पाटलांचा नव्हता.

माझे मागचे जुने टायर पाटलांनी म्हादूला दिले. म्हादू वाडीतल्या लोकांच्या वहाणा बांधायचा. त्याने माझ्या टायरांचे तळवे कापून गड्यांसाठी आठ-दहा जोड केले. त्यातला एक जोड विमलाने मागून घेतला.

विमला पाटलांची थोरली लेक. मॅट्रिक झालेली वाडीतली पहिली पोर. तिला मास्तरीण व्हायचं होतं. पाटील म्हणाले, "टायरच्या वहाना पाटलाची लेक घालनार? लोक शेण घालतील तोंडात." ती म्हणाली, "आबा, चामड्याची चप्पल पावसात फुगतीया. ही न्हाय फुगत." त्या घरात अक्कल कुणाला वाटली गेली होती ते एवढ्यावरून ओळखा.

आषाढात तिला कोल्हापूरच्या ट्रेनिंग कॉलेजचं पत्र आलं. मुलाखत मंगळवारी, सकाळी अकरा वाजता. उशिरा येणाऱ्याचा विचार होणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. आणि घरात पाटलांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "ह्या खेपंला जमलं तर जमलं. न्हाय तर आखाड सरल्यावर स्थळ बगनार." पोरीचं सगळं आयुष्य त्या एका सकाळवर टांगलेलं होतं.

धोंडुबाई म्हणाल्या, "अवं, पोरीला सडकंपतूर चालत जाऊ द्या. तितनं यष्टी हाय."

"यष्टीनं? पाटलाची लेक? कालिजच्या दारात गाडी हुबी ऱ्हायली पायजे! आन् खोताच्या दारावरनं जायाची!"

मंगळवारी साडेसात वाजता आम्ही निघालो. विमलाच्या पायांत नवी, करकर वाजणारी कोल्हापुरी चप्पल होती, वडिलांच्या हट्टासाठी घातलेली. पिशवीत दाखले, पेन आणि तळाशी टायरच्या वहाणा. खोताच्या दारासमोर पाटलांनी मला थांबवलं. कृष्णात खोत ओसरीवर दात घासत होता. त्याला दिसावं म्हणून पाटलांनी मोठ्या रुबाबात गिअरशेजारची छोटी मूठ ओढली, चारी चाकांना जोर देणारी. हॉर्न वाजवला. आणि मूठ परत सोडायचं विसरून गेले.

वाडीपासून ओढ्यापर्यंत दीड मैल नुसता कातळ आहे. चिखल असता तर चाकं घसरून तरी सुटली असती. कातळावर कुठे घसरणार? मागची मला ढकलत होती, पुढची अडवत होती, आणि मधे माझं पोट पिळवटून निघत होतं. मी कण्हले, कुरकुरले, जळका वास सोडला.

विमलाने विचारलं, "आबा, आवाज कसला येतोय?"

"ताकदीचा हाय! थोर चाकं हायती न्हवं!"

"बाबालालचाचा काय म्हणलं हुतं?"

"तू कालिजात शिकिव जा. गाडी मी हाकतोय."

ओढ्याच्या मध्यावर माझ्या पोटात कडाड्कन आवाज झाला. पुढच्या चाकांना जाणारा दांडा तुटला, त्याने आतले दातेही खाल्ले, आणि मी गुडघाभर पाण्यात गपकन उभी राहिले. पाटलांनी गिअर ओढले, लाथा मारल्या, मला अशा शिव्या दिल्या की ब्रह्मदेशचे शिपाई लाजले असते. उंच चाकं उंचच राहिली. ती एक इंच हलली नाहीत.

आठ वाजून गेले होते. डांबरी सडक अजून चार मैल होती, आणि यष्टी साडेनवाला.

पाटील बॉनेटवर हात आपटून म्हणाले, "थांब. वाडीतनं बैलं आनतो. तासाभरात वर काढतो."

विमला पाण्यात उतरली. नव्या चपलेने दुसऱ्या पावलाला चिखलात जीव सोडला, वादीच तुटली. तिने दोन्ही चपला उचलून माझ्या सीटवर ठेवल्या. पिशवीतून टायरच्या वहाणा काढल्या, पायांत सरकवल्या, लुगड्याचा ओचा घट्ट खोचला.

"आबा, मी चालत जातो."

"अगं, लोक काय म्हनतील?"

"लोक मुलाखत घेनार न्हाईत, आबा."

ती दरड चढून गेली. एकदाही घसरली नाही. का घसरेल? त्या रबरावर खोल नक्षी होती, चिखल धरून ठेवणारी नव्हे, सोडून देणारी. मी स्वतः ती ब्रह्मदेशच्या चिखलात पारखली होती.

पाटील तिच्या मागे दरडीपर्यंत गेले. तिथल्या ओल्या मातीत पावलं उमटली होती आणि प्रत्येक पावलात माझ्या टायरची नक्षी होती. ते वाकले. मग त्या ठशावर त्यांनी बोट फिरवलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या मालकाचा आवाज बारीक झालेला मी ऐकला. "ही तर आपल्या गाडीची चाकं," ते म्हणाले. "बरोबर मापाची हुती ती."

एवढं कळायला केवढी किंमत! मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही. मला माझीच लाज वाटत होती. माझं टाकून दिलेलं कातडं तिला घेऊन चाललं होतं, आणि मी सजूनधजून पाण्यात उभी होते.

दुपारी मला ओढून काढलं. कुणाच्या बैलांनी? कृष्णात खोताच्या! जोडी अगदी एका मापाची होती, शेजारी शेजारी. खोत नुसता माझ्या मागच्या चाकांकडे बघून दात कोरत राहिला. पाटलांनी फेटा काढून काखेत धरला होता.

विमलाला यष्टी मिळाली. अकराला पाच मिनिटं कमी असताना ती चिखलाच्या वहाणांनी त्या दारात उभी होती, आणि दाराशी गाडी नव्हती म्हणून कुणाचंही काही अडलं नाही. तिला घेतलं.

महिन्याने पाटील मला ट्रकला बांधून स्वतः बाबालालकडे आले आणि तिथेच सोडून गेले, कायमचं. "मिस्त्री, चुकलं माजं," म्हणाले. बाबालालनी "मी सांगटलं हुतं" असं म्हटलं नाही. त्यांनी मोडलेलं जोडलं, वाढवलेले पाटे काढले, चार सारखे टायर घातले. अजून कधीमधी जवळपासच्या कामाला मला काढतात. एरवी मी या चिंचेखाली उभी असते, आणि पलीकडच्या शाळेतून तुम्ही येता.

तेव्हा ऐका. मला हार घालू नका, गोंडे बांधू नका. माझ्यावर चढण्याआधी खाली वाकून चारी चाकांना एकदा हात लावा. आणि हात काळे असलेला एखादा माणूस 'हे जुळत नाही' म्हणाला, तर मांडीवर थाप मारून हसू नका. हसणाऱ्याला मी ओढ्यात उभं राहिलेलं पाहिलं आहे.

चला, उतरा आता, घंटा झाली. विमलाबाईंच्या वर्गात उशीर चालत नाही. वेळेवर कसं पोचायचं ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं.