तिचं वय तिलाच विचारा

मी काचेची पेटी बोलतेय. प्रसूती विभागात शिरलं की डाव्या भिंतीला लागून उभी असते, तीच. वेळेआधी आलेली, अंगावर मांस नसलेली बाळं माझ्या उबेत ठेवतात. लोकांना वाटतं, पेटीला कसला आलाय राग? पण मी रागावलेय, आणि आज बोलणार आहे.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे माझ्या काचा बसवल्या, बाजूला हात घालायला गोल खिडक्या केल्या, खाली उबेचं यंत्र जोडलं. इथे आले तेव्हा पाहुण्यांनी माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतले. त्यातला एक म्हणाला की आता इथे एकही बाळ दगावणार नाही. मी नवी होते, मला ते खरं वाटलं.

पुढे कितीतरी बाळं माझ्यातून सुखरूप घरी गेली. पण एका महिन्याची गोष्ट मला विसरता येत नाही.

शेजारच्या पेटीत एका शिक्षिकेची मुलगी होती. शिक्षिका चाळिशीला टेकलेली, पहिलंच मूल. रक्तदाब चढला म्हणून डॉक्टरबाईंनी बाळ लवकर बाहेर काढलं होतं. माझ्यात आला तो एका पोरीचा मुलगा. तिला वॉर्डात सगळ्या चिमणी म्हणायच्या, इतकी ती किरकोळ. आणि तिचा मुलगा म्हणजे चादरीवर नुसती सुरकुती पडावी तसा. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जायच्या.

डॉक्टरबाईंनी चिमणीला वय विचारलं. उत्तर सासूने दिलं, "एकोणीस पूर्ण." चिमणी खाली बघत राहिली. बाळ एवढं बारीक का, तर म्हणे आमच्या घरात हाडंच बारीक. सासू स्वतः मात्र दारात मावत नव्हती.

बोलणी खाल्ली ती शिक्षिकेने. वॉर्डातल्या बायका तिला ऐकू जाईल अशा बेताने बोलायच्या. इतका उशीर करायचा म्हणजे काय, नोकरीचंच कौतुक, वगैरे. चिमणीच्या सासूला कुणी अवाक्षर बोललं नाही. उलट, लवकर उरकलंत ते बरं केलंत, म्हणाल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काच तडकायचीच काय ती बाकी होती.

शेवटी डॉक्टरबाईंनी सगळ्यांना सुनावलं. उशिराच्या बाळंतपणात धोका असतो, खरं आहे. पण शिक्षिका सुरुवातीपासून तपासायला येत होती, म्हणून चढता रक्तदाब वेळेत सापडला. आणि ज्या मुलीचं स्वतःचं अंगच अजून भरायचंय, तिच्या पोटातल्या बाळाला तिच्याच वाढीतला घास वाटून घ्यावा लागतो. अशी बाळं बरेचदा लवकर येतात, हलकी येतात. चिमणीला तर कळा सुरू झाल्यावरच आणलं होतं. सासू म्हणाली, आमच्या वेळी नव्हती ही थेरं. वॉर्डातल्या मावशींनी तिला विचारलं, तुमची किती जगली? ती तरातरा बाहेर गेली.

शिक्षिकेची मुलगी हळूहळू भरली, दूध ओढायला लागली, घरी गेली. चिमणीचा मुलगा झुंजतच होता. ती गोल खिडकीतून हात घालायची. त्याने बोट धरलं की खुदकन हसायची, आणि तेव्हा कळायचं की ही स्वतःच अजून लहान आहे. माझ्यात होती नव्हती तेवढी ऊब मी दिली. पण पोटातले राहून गेलेले महिने मला देता येत नाहीत. एका दुपारी त्याने बोट सोडलं.

बातमी कळून चिमणीची आई धावत आली, तर सासू तिला म्हणाली की रडत बसू नका, वय आहे तिचं, वर्षभरात दुसरं होईल. आणि तुमच्या धाकट्या लेकीचं लग्न ठरलंय, तेही उरकून टाका.

तेव्हा चिमणी पहिल्यांदा बोलली. माझ्या काचेवर हात टेकून, आवाज न चढवता.

"आई, लग्नात मला सतरावंसुद्धा लागलं नव्हतं. तुला माहीत होतं. तू का गप्प बसलीस?"

तिने काचेवरचा हात काढला आणि आईकडे वळली.

"धाकटीला इथे आणलंस, तर मी तुला आई म्हणणार नाही."

डॉक्टरबाई दारातच होत्या. त्यांनी त्याच दिवशी पोलिसांना कळवलं. सासू लोकांना काय तोंड दाखवाल वगैरे बडबडत राहिली. मग चिमणीच्या आईने मुलीची पिशवी उचलली आणि म्हणाली, "धाकटीचं मोडलं. आणि हीसुद्धा माझ्याबरोबर घरी येतेय."

मी अजून इथेच आहे. माझी एक खिडकी नीट लागत नाही, सिस्टर तिला चिकटपट्टी लावतात. आज पुन्हा एका कोवळ्या पोरीचं बाळ माझ्यात आहे, आणि बाहेर कुणीतरी तिचं वय परस्पर सांगतंय.

माझी ऊब कमी पडते, हे मला कबूल आहे. पण कमी पडायची वेळ तुम्ही आणता. पोरींना आधी स्वतः वाढू द्या. वय विचाराल तेव्हा तिच्याकडे बघून विचारा, आणि शेजारचं कुणी उत्तर द्यायला लागलं तर त्याला गप्प करा.

आता पुरे. बाळाचे पाय गार पडताहेत, मला तिकडे बघू द्या.