बॅटरी सेक्शनची पोरं

रविवारी सकाळी रंगराव भिलारे दारात उभे राहिले की नंदा चहाच्या आधणात अर्धा कप पाणी वाढवी. रंगरावांना चहा पातळ लागे आणि गप्पा दाट.

“वहिनी, आमचा हवालदार तयार हाय का? का अजून पॉलिशच चाललंय?”

हवालदार रामदास खोब्रागडे आत खरोखरच बुटांना पॉलिश करत होते. सैन्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. बिबवेवाडीतला फ्लॅट घेऊन झाला, डोक्यावरचे केस जाऊन झाले, सून घरात येऊन झाली. पण बूट चमकल्याशिवाय त्यांचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नसे.

“बॅटरीच्या दुकानात जायचंय, राष्ट्रपती भवनात नाही,” नंदा म्हणाली.

“दुकानदार आधी बूट बघतो. मग या माणसाला बसायला सांगायचं की नाही, ते ठरवतो.”

“अन् मग नाहीच सांगत,” रंगरावांनी पुरवणी जोडली.

या दोघांचा हा रविवारचा उद्योग गेलं वर्षभर चालला होता. तरुणपणी दोघं ईशान्येकडच्या एका वर्कशॉपमध्ये बॅटरी सेक्शनला होते. ट्रकांच्या जुन्या बॅटऱ्या उघडायच्या, आतलं शिसं वितळवायचं, नव्या प्लेटा ओतायच्या. संध्याकाळी त्याच कपड्यांनी फॅमिली क्वार्टरमध्ये यायचं आणि पोराला उचलून घ्यायचं. कपड्यांवर पिठासारखी करडी पूड असे. ती पूड लहान मुलाच्या पोटात गेली तर काय करते, हे तेव्हा त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

ते कळलं मुलगी दीक्षा हिंजवडीच्या कंपनीत लागल्यावर. तिथल्या इंटरनेटवर तिने कधीतरी शिशाबद्दल वाचलं आणि मग वाचतच राहिली. एका संध्याकाळी तिने विचारलं, “बाबा, तुमच्या सेक्शनमधल्या बाकीच्यांची मुलं कशी आहेत?” रामदास बोटांवर एकेकाचं नाव घेऊ लागले. कुणाचा मुलगा शाळेत मागे पडलेला, कुणाची मुलगी वाढीला कमी, कुणाला फिट्स येणारं पोर. मोजता मोजता ते मध्येच थांबले. दीक्षाचा स्वतःचा जन्म त्यांची स्टोअरमध्ये बदली झाल्यानंतरचा. तिच्या आधीचा अभय.

“एका मुलाकडे बोट दाखवून खात्रीनं काही सांगता येत नाही,” दीक्षा म्हणाली होती. “पण इतकी मुलं एकदम असतील, तर योगायोग म्हणवत नाही.”

जुन्या साथीदारांच्या मेळाव्यात रामदासांनी विषय काढला, तेव्हा अर्धे लोक जेवायला उठले. एक जण कानाशी येऊन म्हणाला, “खोब्रागडे, माझ्या धाकटीचं स्थळ जमत आलंय. तोंड बंद ठेव.” शेवटी रंगराव तेवढे उरले. त्यांची थोरली मुलगी तिसरीच्या पुढे गेली नव्हती. त्यांनी घरी जाऊन तिला आणि जावयाला सगळं सांगून टाकलं आणि दुसऱ्या रविवारी ते बिबवेवाडीला हजर झाले. “झालं ते झालं,” ते म्हणाले. “आता पुढच्यांना तरी सांगू.”

पुढचे पुण्यात भरपूर होते. कंपन्या येत होत्या, घरोघरी कॉम्प्युटर येत होते, वीज मात्र तिच्या मर्जीने येत होती. त्यामुळे जो तो इन्व्हर्टर बसवत होता आणि गल्लोगल्ली बॅटरीची दुकानं निघाली होती. पुढे काचेचं काउंटर, मागे पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणारी पोरं. स्वारगेटपासून कात्रजपर्यंत दोघांनी बहुतेक दुकानं पालथी घातली होती. कात्रज रस्त्यावरचं यज्ञेश्वर शेटे यांचं दुकान मात्र दर रविवारी पुढच्या रविवारवर जाई.

तिथे अभय कामाला होता.

अभयचा उजवा कान पूर्ण गेलेला, डावा अर्धामुर्धा. समोरच्याचे ओठ वाचून तो बोलणं पकडी. लहानपणच्या तापात कान गेले, असं त्याला सांगितलेलं होतं, कारण सगळ्यांची समजूतच तशी होती. शाळेत तो वर्षं घालवत राहिला. पाढे पाठ होईनात म्हणून मास्तरांनी छड्या मारल्या आणि घरी रामदासांनीही मारल्या. पुढे त्याने बॅटरीचं काम धरलं. त्यात त्याची बोटं अशी चालली की यज्ञेश्वर शेटे अवघड काम दुसऱ्या कोणाकडे देईनात. “बाबांच्या लाइनीत आलो,” असं तो अभिमानाने सांगे. वर्षापूर्वी रामदास त्याला म्हणाले होते, “दुसरं काहीतरी बघ.” अभयने हसून उत्तर दिलं होतं, “दुसऱ्या कशात माझं डोकं चालत नाही, तुम्हीच म्हणायचात की.” त्यानंतर रामदासांनी त्याला मास्क आणून दिला, आणि विषय बंद झाला.

त्या रविवारी मात्र नंदाने चहा पुढे ठेवला आणि तिथेच उभी राहिली.

“आज शेट्यांच्या दुकानात जायचं.”

“तिथे अभय असतो,” रामदास म्हणाले.

“म्हणूनच.”

त्याला कारण आदल्या संध्याकाळचं होतं. सून प्रियदर्शनीला सातवा लागला होता. अभय कामावरून आला तो तसाच तिच्यापुढे बसला आणि डावा कान त्याने तिच्या पोटाला लावला.

“ऐकू येतंय काहीतरी,” तो म्हणाला.

“तुम्हाला?” प्रिया म्हणाली. “मग बाळ चांगलंच बोंबलत असणार.”

दोघं हसली. स्वयंपाकघराच्या दारातून नंदाही हसली. मग अभय उठला आणि प्रियाच्या पिवळ्या गाऊनवर गालाचा आणि पंजाचा करडा ठसा उमटलेला नंदाला दिसला. तिने तो गाऊन मागून घेतला आणि बादलीत बुडवला. पाण्याला जो रंग आला, तो तिच्या ओळखीचा होता. क्वार्टरच्या नळावर तिने वर्षानुवर्षं तेच पाणी ओतून दिलं होतं आणि त्याच बादलीत अभयची दुपटी धुतली होती.

“अभयला काय सांगू मी?” रामदास म्हणाले.

“जे बाकीच्यांना सांगता तेच.”

रंगरावांनी मध्यम मार्ग काढला. “वहिनी, असं करू. पोरगा डिलिव्हरीला गेला की आपण घुसू.”

“चोर आहात का?” नंदा म्हणाली आणि चपला घालायला लागली. “मी पण येते.”

रिक्षात तिघं दाटीवाटीने बसले. एरवी सबंध रस्ताभर भाषणाची उजळणी करणारे रामदास आज बाहेरच्या पाट्या वाचत राहिले.

यज्ञेश्वर शेटे दाराला लागून असलेल्या काउंटरवर वर्तमानपत्र पसरून बसले होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “या. आई-वडील एकदम? पगारवाढ मागायला आलात की राजीनामा द्यायला?”

“दोन मिनिटं बोलायचं होतं,” रामदास म्हणाले.

“बोला. बोलण्याला आमच्याकडे चार्जिंग लागत नाही.”

आत उघड्या शेडमध्ये बाकावर अभय एका बॅटरीचे जोड वितळवत होता. शेजारी अजून दोघं कामाला होते. आईला पाहून त्याने भुवया उंचावल्या. नंदाने हात हलवला.

रामदासांनी बूट जुळवले आणि सुरुवात केली. शिसं म्हणजे काय, त्याची पूड कपड्यांवरून घरी कशी जाते, मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाच्या शरीरात ती जास्त कशी शोषली जाते आणि मग हाडांत कशी जाऊन बसते. गरोदर बाईच्या अंगातून बाळापर्यंत कशी पोचते. सगळं बरोबर, सगळं क्रमाने. दीक्षाने शिकवलेलं ते जसंच्या तसं सांगत होते. “आमच्या सेक्शनमधल्या काही मुलांना त्याचा त्रास झाला,” ते म्हणाले.

“काही मुलांना म्हणजे कोणाला?” शेट्यांनी विचारलं. “नाव-गाव आहे का, की पेपरात वाचलंत?”

“आमच्या ओळखीतली आहेत.”

“माझ्याही ओळखीत एक गृहस्थ आहेत, रोज शिसं हाताळतात, शंभरी गाठणार म्हणतात. अहो, पुराव्याशिवाय तर मी आमच्या सौभाग्यवतींचंही ऐकत नाही.”

रंगरावांनी तोंड उघडलं, पण नंदाने मान हलवून त्यांना थांबवलं. तिच्या एक गोष्ट लक्षात आली होती. घरात अभय असला की रामदास नेहमी त्याच्याकडे तोंड करून बोलत, सावकाश, ओठ नीट हलवत. ती त्यांची किती वर्षांची सवय. आज मात्र दुकानात शिरल्यापासून ते अभयकडे पाठ करून उभे होते. मागे बाकावर अभय मान इकडून तिकडे करत होता आणि त्याला वडिलांचं टक्कल तेवढं दिसत होतं.

क्वार्टरच्या खिडकीतून परेड मैदान दिसायचं. तिथले हुकूम नंदाने भाकऱ्या थापता थापता रोज ऐकले होते. तिने पदर खोचला.

“हवालदार खोब्रागडे,” ती म्हणाली, “पीछे मुड!”

शेट्यांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं. रामदासांचे पाय मात्र डोक्याला न विचारताच फिरले, टाच टाचेला लागली, आणि समोर अभय होता.

आता इलाज नव्हता. रामदास दोन पावलं पुढे गेले. “अभय, हातातलं ठेव,” ते सावकाश म्हणाले.

अभयने बर्नर बंद केला.

“आमच्या सेक्शनमध्ये एक पद्धत होती. कुणाला मूल झालं की बारशाला बाकीच्यांनी उरलेल्या शिशाचं खेळणं ओतून द्यायचं. वाळूत साचा करायचा. तुझ्या वेळी हत्ती होता. रंगरावनं साचा केला, मी ओतला.”

“माहीत आहे,” अभय म्हणाला. “त्याची सोंड मी चावून चपटी केली होती. आई सगळ्यांना सांगते.”

खरंच सांगत असे. आल्या-गेल्याला हसत हसत सांगत असे. नंदाने काउंटरची कड धरली.

“ते शिसं तुझ्या पोटात गेलं,” रामदास म्हणाले. “माझ्या कपड्यांवरचंही गेलं. तुझे कान तापानं गेले असं आम्हाला वाटायचं. ताप आला असेलही. शंभर टक्के कोणी सांगू शकत नाही. पण शिशानं कान जातात. आणि पाठांतर होत नाही. ढ म्हणून नाही, शिशानं.”

बाकावरच्या बाकी दोघांनीही हातातलं खाली ठेवलं होतं.

“म्हणजे पाढे…” अभय म्हणाला.

“हो.”

“आणि तुम्ही छडी…”

“हो.”

अभयने स्वतःचे तळहात उलटून पाहिले. मग म्हणाला, “जोशी मास्तर कोथरूडला राहतात. त्यांनाही सांगून या. पुढच्या रविवारी.” आणि त्याने पुन्हा बर्नर पेटवला. मग तो विझवला, उठला आणि मागच्या दाराने शेडबाहेर गेला.

शेट्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, परत उलगडली आणि पुन्हा घातली. “मागे मोरी आहे,” ते कोणाकडेही न बघता म्हणाले. “नळाला पाणी असतं. पोरांनी कपडे इथेच बदलावेत, धुऊनही मी देईन कुठेतरी. साबण तुमचा.”

“साबण आमचा,” रंगराव घाईघाईने म्हणाले.

दुपारी अभय जेवायला आला नाही. रामदास गॅलरीत जाऊन उभे राहत, आत येत, पुन्हा जात. प्रियाला सगळं सांगून झालं होतं. दीक्षाने फोनवरून डॉक्टरांशी बोलून तिच्या रक्ताच्या तपासणीची वेळ घेतली होती. पूड आत्ताच थांबली तर फार काळजीचं कारण दिसत नाही, जेवणात दूध आणि लोह वाढवा, असं डॉक्टर म्हणाले होते. प्रिया दुधाचा पेला हातात घेऊन सासऱ्यांच्या येरझाऱ्या पाहत होती.

“बाबा, बसा ना. ते रागावले की घर सोडत नाहीत, नुसते भात कमी खातात.”

दिवेलागणीला अभय आला. अंगावर कोणाचा तरी ढगळ, पण स्वच्छ शर्ट होता आणि केसांतून पाणी निथळत होतं.

“हा कोणाचा?” प्रियाने विचारलं.

“शेट्यांचा. म्हणाले, उद्या इस्त्री करून परत दे.”

तो रामदासांच्या समोर येऊन बसला. रामदासांनी सवयीने त्याच्याकडे तोंड केलं.

“दुपारभर कात्रजच्या तळ्यावर बसलो होतो,” अभय म्हणाला. “राग येईल असं वाटलं होतं. थोडा आलाही. पण बाबा, मला कायम वाटायचं, मी मुळातच असा. मुळात काहीतरी कमी घेऊन आलेला. तसं नव्हतं, हे ऐकून बरं वाटलं. हे आधी सांगितलं असतंत, तर आधी बरं वाटलं असतं.”

रामदासांनी मान हलवली. नंदाने स्वयंपाकघरात जाऊन उगाच एका डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

“आणि तुमचं भाषण कोणी का ऐकत नाही, सांगू?” अभय म्हणाला. “शिसं म्हणजे काय, तिथून सुरू करता. दुकानदाराला समोर गिऱ्हाईक असतं, एवढा वेळ नसतो. पुढच्या रविवारपासून मी येतो. सुरुवात मी करणार.”

“काय म्हणशील?” रामदासांनी विचारलं.

अभय उठून उभा राहिला. “‘नमस्कार. मी बॅटरी सेक्शनचा पोरगा. माझ्याकडे बघा, मग घरच्या बाळाकडे बघा.’ बस.”

“फार आखूड झालं. आणि पोरगा काय? मुलगा म्हण.”

“पोरगाच बरोबर आहे,” प्रिया म्हणाली. तिने पेला खाली ठेवला, टीपॉय पुढे ओढलं आणि चष्म्यावरून बघितल्यासारखं केलं. “चला, मी दुकानदार. कोण तुम्ही? वर्गणी असेल तर बाहेर व्हा, गिऱ्हाईक खोळंबलंय!”

“अहो, वर्गणी नाही…” अभयने सुरुवात केली आणि त्याला हसू फुटलं.

“हसायचं नाही,” रामदास म्हणाले. “सरळ उभा राहा. परत म्हण.”

अभय सरळ उभा राहिला. नंदाने कुकर लावायला घेतला. आज भात कमी लागणार की जास्त, याचा तिने क्षणभर विचार केला आणि एक मूठ तांदूळ वाढवला.