चर्चच्या आवारातलं वृंदावन

सौमित्रची बँक त्याला दोन वर्षांसाठी इंग्लंडला पाठवणार हे ठरलं, तेव्हा सिंगापुरातल्या आमच्या पुंगोलच्या फ्लॅटमध्ये सगळे खूश झाले. माझी बायको सुलेखा सोडून.

"तुम्ही जा मुलाबरोबर. मी गेले तर माझ्या तुळशीला पाणी कोण घालणार?"

आता ती इथे नि मी तिथे, म्हणजे माझ्या थापा ऐकायच्या कोणी? सौमित्रला वेळ नाही, नात वल्लरीला निम्मं मराठी कळतं. सुलेखा मात्र शेवटपर्यंत ऐकते आणि वर चुका काढते. असं माणूस शोधून मिळत नाही.

एका रविवारी सौमित्रने लॅपटॉपवर तिथल्या घराचे फोटो दाखवले. मागे चर्चचं आवार. गवतात दगडी पायऱ्या, त्यावर चौकोनी दगड, वर आखूड खांब.

"अगं, हे तर वृंदावन," मी म्हणालो.

"बाबा, तो क्रूस आहे. सहा-सातशे वर्षांपूर्वीचा. वरचा भाग तुटलाय."

"तेच सांगतोय. घडवणाऱ्या पाथरवटाला असं पडसं झालं होतं, की शिंकला की छिन्नी शेजारच्या गावात. तेवढ्यात रत्नागिरीच्या गलबतावरचा एक तांडेल वाट चुकून तिथे पोचला. त्याने तुळशीचा काढा पाजला. पाथरवट म्हणाला, वर क्रूस आमचा, पण खालचं बांधकाम तुमच्या पद्धतीचं."

"आजोबा, डोन्ट ब्लफ लाह," वल्लरी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

"आणि पणतीचा कोनाडा?" सुलेखाने विचारलं. "तो विसरला वाटतं तुमचा पाथरवट?"

कोनाडा माझ्या डोक्यातच आला नव्हता. वल्लरीने फोटो मोठा केला. चौकोनी दगडाच्या पोटात, शेवाळाआड, पणती सहज मावेल एवढा कोनाडा होता.

"त्यांच्या पूजेचं काही ठेवत असतील," सौमित्र म्हणाला.

"मग मी दुसरं काय म्हणतेय?" सुलेखा चष्मा लावून बघत राहिली. "तिथल्या फादरना आधी विचारायचं हं. ते हो म्हणाले तरच."

"विचारू की."

"तिळाचं तेल तिथल्या थंडीत थिजतं का हो?"

मला काय ठाऊक. "छे," मी म्हणालो, "उलट पातळ होतं."

"काहीतरीच तुमचं," म्हणत ती उठली, आणि तुळस तुझ्याकडे ठेवू का, हे विचारायला शेजारच्या नीलिमाकडे गेली.