हनुवटीवरचे हात

खरं सांगते, तो व्हिडिओ मी सासऱ्यांना तोंडघशी पाडायलाच काढला होता.

माझी दीक्षा पाच वर्षांची, स्वमग्न. मला कधी 'आई' म्हणाली नाही, नजरेला नजर दिली नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई. भल्याभल्या द्वाड पोरांना वाचायला शिकवलंय, मग पोटच्या पोरीपुढे हार मानीन होय? रोज शाळेतून आले की चित्रांची कार्डं घेऊन बसायचे. "दीक्षा, इकडे बघ. हे काय?" नाही बघितलं तर हनुवटी धरून तोंड वळवायचे. आणि आमचे नाना, म्हणजे सासरे, माझ्या मेहनतीवर पाणी फिरवायला तयारच! दिवसभर तिला घेऊन खळ्यात नुसता पोरखेळ.

खेडला अशा मुलांच्या थेरपिस्ट आहेत, फरीदा मॅडम. त्यांच्याकडे आम्ही महिन्यातून दोनदा जातो. त्या मुलांपेक्षा आईबापांनाच जास्त शिकवतात. जमिनीवर बसा, मूल करील त्यात सामील व्हा. मला काही ते पटत नव्हतं. त्यात दीक्षाला नवीच खोड लागली, दोन्ही हातांनी हनुवटी झाकायची. ती मी वहीत लिहून नेली आणि मोबाइल खळ्याकडच्या खिडकीत चालू ठेवून काढलेला नानांचा व्हिडिओही, स्वतः न बघताच, नेला. म्हटलं, बघू दे मॅडमना, घरात कसा खेळखंडोबा चालतो तो.

मॅडमनी व्हिडिओ लावला. खळ्यात नाना आमसुलं वाळत घालत होते. दीक्षानं एक उचलून चटईबाहेर फेकलं. "अगो बाय!" नानांनी कपाळावर हात मारला आणि ते परत ठेवलं. तिनं नानांकडे बघितलं. सरळ डोळ्यांत! खुदकन हसली, दुसरं फेकलं आणि पुन्हा त्यांच्याकडे बघत थांबली.

मी मोबाइलवर वाकले. ही बघते? माझी पोर बघते?

"स्वप्नाताई, हेच तर मी सांगत होते," मॅडम हळूच म्हणाल्या. "आता पुढचं बघा."

पुढे चपलांचा आवाज आला. माझ्याच चपलांचा. मी अजून दिसतही नव्हते, तोच दीक्षाचं हसू गेलं. दोन्ही हात वर आले आणि हनुवटीवर बसले.

"आई गं!" मी तिथेच ओरडले. वहीत लिहिलेली ती खोड नव्हतीच. माझी पोर माझ्यापासून स्वतःला वाचवत होती, आणि मी शहाणी तिचीच तक्रार घेऊन आले होते.

घरी आल्यावर मी कार्डं कपाटात टाकली आणि खळ्यात गेले. "नाना, सरका जरा." मी चटईशी बसले, तसे दीक्षाचे हात वर गेले. मी माझे दोन्ही हात पाठीमागे धरले. नाना आमसुलं परतत राहिले.

बऱ्याच वेळानं एक आमसूल माझ्या पुढ्यात येऊन पडलं.

"अगो बाय!" मी रडत रडत म्हटलं. दीक्षा बघत होती. एक हात तिनं खाली घेतला होता. दुसरा अजून हनुवटीवरच होता.