वास पोचायला लागणारा वेळ

वल्लरी बाईंनी अत्तराची बाटली उघडून टेबलावर ठेवली आणि घड्याळाकडे पाहिलं.

"वास आला की हात वर. आधी नाही."

पंखा बंद, खिडक्याही बंद. पहिल्या रांगेतले हात वर गेले, मग दुसऱ्या रांगेतले. शेवटच्या बाकाला तीन मिनिटं लागली. बाई वेळ फळ्यावर लिहीत गेल्या. त्यांना स्वतःला कसलाच वास आला नव्हता. करोनाच्या तापात गेलेला वास अजून परतला नव्हता. घरी नवरा दोनदा गॅस तपासून मगच झोपायचा. शाळेत मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. प्रयोगशाळा हातची जाईल, ही धास्ती.

"आता शाईचा थेंब गार पाण्यात आणि कढत पाण्यात टाकून बघू. तापलं की कण जोरात पळतात."

त्यांनी बर्नरची चावी फिरवली. लायटर नुसताच खटखटला. काडेपेटी शोधायला त्या मागच्या कपाटाकडे गेल्या. चावी तशीच उघडी राहिली. अत्तराच्या घमघमाटात मुलांनाही आधी वेगळं काही जाणवलं नाही. परत येऊन बाईंनी काडी हातात घेतली.

"बाई, थांबा! गॅस!"

दिशा धावत पुढे आली. मखमलाबादहून येणारी, एरवी विचारल्याशिवाय न बोलणारी मुलगी. तिनं चावी बंद केली, खिडक्या धाडधाड उघडल्या. सगळा वर्ग व्हरांड्यात आला. काडी अजून बाईंच्या चिमटीतच होती.

दिशा जवळ येऊन हळूच म्हणाली, "तुम्हाला वास येत नाही ना, बाई?"

"कोण म्हणालं?"

"कुणी नाही. माझ्या आईचं तसंच झालंय. फूलबाजारात बसते ती. निशिगंध नाकाशी नेते, समोरच्याचं तोंड बघते, मग हसते. तुम्ही पण आधी आमची तोंडं बघता."

"डॉक्टरला दाखवलं तिला?"

"तिला वाटतं, आम्हाला ठाऊक नाही."

बाईंनी काडी पेटीत घातली.

आवाज ऐकून मुख्याध्यापक जिना चढून आले. "काय झालं?"

दिशाच बोलली, "गॅसची नळी सटकली होती, सर."

"जुनीच झालीय." सरांनी खिशातून पेन काढलं. "नवी मागवू."

"नळी चांगली आहे, सर," बाई म्हणाल्या. "चावी मी उघडी ठेवली. मला वास येत नाही."