दाण्याएवढा लाल देश

“अक्का, बँकेतला माणूस हल्ली माझ्या डोळ्यांत बघतच नाही गं.”

बैरूतहून चामोदीने फोनवर हे सांगितलं, तेव्हा तिची थोरली बहीण निरोशनी माझ्यासमोर उभी होती. ती हसली. “वेडाबाई, लेबनॉन माझ्या नकाशावर हिरवागार आहे! राहू दे तिथेच पैसे.”

मित्रांनो, तो नकाशा म्हणजे मीच. मी कोलंबोतल्या एका अभ्याससंस्थेच्या भिंतीवरचा जुना नकाशा आहे. मला खाली उतरवायचं ठरलं आहे. मी मात्र सहजासहजी उतरणार नाही!

निरोशनीने मला घडवलं. कोणता देश पैशाला मोकळेपणी ये-जा करू देतो, हे एका नजरेत कळावं म्हणून ती वेसाकच्या, म्हणजे आमच्याकडच्या बुद्धपौर्णिमेच्या, कंदिलांचा उरलेला रंगीत कागद कापून देशादेशांवर खळीने चिकटवायची. मोकळा देश हिरवा, अडवणारा लाल. रंग ठरायचा तो त्या देशाच्या कायद्यावरून. पाहुणे येत, माना डोलवत, माझ्याजवळ उभं राहून फोटो काढून घेत. मी ऐटीत होतो.

मग चामोदीचे फोन वाढले. ती बैरूतला एका आजीबाईंची देखभाल करायची. सगळी पुंजी तिथल्याच बँकेत. आता खिडकीवर रोज एकच उत्तर मिळे, “उद्या या.”

“अगं, तू आधी घरी ये,” निरोशनी म्हणाली.

“रिकाम्या हातांनी? लेकीला काय तोंड दाखवू?”

निरोशनीने फोन ठेवला आणि कात्री उचलली. तेवढ्यात संस्थेचे प्रमुख विक्रमरत्ने सर आले.

“हे काय, मिस? तिथला कायदा बदलला?”

“नाही, सर.”

“मग देश हिरवाच.”

“माझ्या बहिणीला स्वतःचेच पैसे मिळत नाहीत, सर.”

“उद्या माझा जपानातला मेव्हणा रुसला तर जपान लाल करायचा का?”

खोलीतले सगळे हसले. निरोशनीने तांदळाच्या दाण्याएवढा लाल तुकडा कापला आणि लेबनॉनवर चिकटवला. सरांनी नखाने खरवडून काढला. तिने पुन्हा लावला. त्यांनी पुन्हा काढला. आता तिथे माझा कागदच विरला आहे, पण लाल डाग काही जात नाही. म्हणूनच नवा, छापील, गुळगुळीत नकाशा मागवला आहे. त्यावर तो देश हिरवा आहे.

खुशाल लावा तो! मला गुंडाळून कपाटामागे टाका, तरी माझा डाग लालच राहील. चामोदी अजून घरी आलेली नाही.

मित्रांनो, नकाशे जपा, पण माणसांना आधी जपा. तुमचीही मावशी, आत्या, ताई अशाच एखाद्या हिरव्या देशात राबत असेल. आजच तिला फोन करा. तिथला कायदा काय म्हणतो, ते विचारू नका. विचारा, “तुझे पैसे तुझ्या हातात पडतात ना गं?” आणि ती “हो” म्हणताना जरा थांबली, तर फोन ठेवू नका.