चौथा तुकडा

जपानातल्या आमच्या हासामी या चिनीमातीच्या गावात साचा एक घर बनवतं, त्यात पातळ माती दुसरं घर ओततं. आम्ही साचेवाले. चहाच्या किटलीच्या नव्या साच्याचे चारपैकी तीन तुकडे बाबांनी प्लास्टरमध्ये ओतले आणि त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला तो गेलाच. चौथा तुकडा मी ओतला.

त्या साच्यातली पहिली किटली काढताक्षणीच चिरली. कारखानदार कुरियामासान ती उलटीसुलटी करून हसले. "काझुएबाई, चहा गाळायला गाळणी असते. महिनाअखेरीला धड किटली द्या, नाहीतर मी दुसरा साचेवाला बघतो. वडिलांचं घर म्हणून थांबलोय."

बावीस वर्षं मी इथे राबतेय, आणि घर वडिलांचं! मला राग आला. राग आला की माझं काम बरं होतं.

तुकडा पुन्हा ओतला, पाच दिवस सुकवला. किटली चिरली. पुन्हा ओतला. चीर दरवेळी माझ्याच तुकड्याच्या जोडालगत. माझं प्लास्टर मातीतलं पाणी बाबांच्या प्लास्टरपेक्षा भराभर पीत होतं, ती बाजू आधी सुकून ओढत होती. बाबांनी कधी वजन केलं नाही. पाण्यात प्लास्टरची पूड भुरभुरवताना वर तिची बेटं दिसली की त्यांचा हात थांबायचा. मी आपली तराजूवाली.

महिना संपायला नऊ दिवस उरले. चिरलेली किटली मी बाबांपुढे ठेवली.

"तुमचं प्रमाण सांगा, बाबा. नुसता आकडा."

"आकडा असता तर दिला नसता?" त्यांची जीभ अजून जड होती. "माझ्यासारखं करायला जातेस, तिथेच चुकतंय, बयो."

डाव्या हाताने त्यांनी आपला एक तुकडा टेबलाच्या कडेपर्यंत सरकवला आणि खाली ढकलला. त्यांच्या हातचं शेवटचं काम ते. दुसरा त्यांना हलेना.

"बघतेस काय? एका साच्यात दोन हात चालत नाहीत."

मला रडू फुटलं. रडतरडतच उरलेले दोन मी फोडले. मग प्लास्टर चिकटू नये म्हणून किटलीच्या मूळ नमुन्याला साबण फासला, तराजू पुढे ओढला आणि चारही तुकड्यांना एकच माप धरलं. माझं.

महिनाअखेरीला कुरियामासाननी भाजलेल्या किटलीत पाणी भरून ती कागदावर ठेवली. कागद कोरडा राहिला.

"वाटलंच," ते म्हणाले. "वडिलांचा हात तो वडिलांचा."

मी तोंड उघडणार, तोच आतून बाबा म्हणाले, "माझे तुकडे तिने केव्हाच कचऱ्यात टाकले. हिशेबाने बोला, घर तिचं आहे."